थांबण्याची जागा

बसने अचानक ब्रेक मारला तेव्हा बाई उतरण्यासाठी उठून दाराकडे निघाल्या होत्या. एक हात खांबाला, दुसऱ्या हातात पिशवी. पुढे कोणी सायकलवाला आडवा आला होता म्हणे, ते नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच झालं की बाईंचं अंग बाईंना न विचारता निघालं. डावा गुडघा वाकला, उजवा पाय जमिनीवरून सुटून मागे उचलला गेला, कंबर एका दिशेला, खांदे दुसऱ्या दिशेला, आणि मान गर्रकन मागे वळली. वळलेल्या नजरेला खिडकीची काच दिसली आणि काचेत एक आकृती. बाईंनी ती ओळखली, आणि ओळखेपर्यंत ती संपलीही, कारण अंग तिथे थांबलंच नाही. मागे गेलेला पाय तसाच फिरून पुढे आला, टेकला, आणि बाई बसच्या मागच्या बाजूला तोंड करून, चष्मा एका कानाला लोंबत, पण धडधाकट उभ्या राहिल्या. बसमधले लोक ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

"आजी, लागलं का हो?" शेजारच्या सीटवरच्या तरुणीनं विचारलं.

"थांबले नाही म्हणून लागलं नाही," बाई म्हणाल्या.

आजींना धक्का बसलाय असं समजून तरुणीनं पाण्याची बाटली पुढे केली. बाईंनी ती घेतली नाही. त्या उतरल्या, स्टॉपवरच्या बाकावर बसल्या आणि आपल्या डाव्या गुडघ्याकडे पाहत राहिल्या. जन्मभर त्यांनी या गुडघ्याला काही विचारलं नव्हतं. आज त्यानं न विचारता सांगितलं होतं.

नाट्यगृह तिथून दोन चौक पुढे होतं. संध्याकाळी तिथे बाईंच्या आयुष्याचा कार्यक्रम होता. आयुष्याचा म्हणजे खरोखरच आयुष्याचा. नाचावरचा एक जुना संस्कृत ग्रंथ, त्यातल्या शब्दांत अडकून पडलेल्या चाली, आणि त्या चाली पुन्हा पायांवर उभ्या करायच्या हा बाईंचा ध्यास. लग्न केलं नाही ते यासाठी, असं लोक म्हणत. बाईंचं म्हणणं, लग्न जमलं नाही ते माझ्या तोंडामुळे, ग्रंथाला उगाच दोष देऊ नका. विद्यापीठात शिकवलं, निवृत्त झाल्या, तरी सगळे त्यांना नुसतं 'बाई'च म्हणत राहिले. स्वतः मात्र त्या जन्मात एक पाऊल नाचल्या नव्हत्या. वडील पाठांतराचे कडक. पहाटे मांडी घालून बसवायचे आणि म्हणायचे, हलायचं नाही, जी हलते तिचे उच्चार सांडतात. बाई हलल्या नाहीत. न हलता त्यांनी हलण्याविषयी जेवढं वाचता येतं तेवढं वाचलं. आणि नाचायला शरीर हवं होतं ते घरातच मिळालं. भावाची बायको गेली तेव्हा भावानं मुलीला आणून सोडलं, म्हणाला, थोडे दिवस ठेव. इवलीशी होती म्हणून तिला पिटू म्हणायचे. भाऊ पुढे परगावी गेला, त्यानं दुसरा संसार मांडला, आणि ते थोडे दिवस अजून संपायचे होते. पिटू आता चांगली तिशी ओलांडलेली बाई झाली होती, तरी नाव तेच.

बसच्या काचेत दिसलेल्या त्या आकृतीला बाईंच्या वर्गात नाच शिकणाऱ्या मुलींनी सोपं नाव ठेवलं होतं, 'मागे पाहणारी'. संस्कृत नाव म्हणताना त्यांच्या जिभेला गाठ पडायची. ग्रंथात तिच्याविषयी जेमतेम दीड ओळ: एक गुडघा वाकलेला, दुसरा पाय मागे उचललेला, कंबर वळलेली, दृष्टी पाठीमागे. टीकाकार गप्प. टीकाकारांची ही जुनीच खोड, जे सगळ्यांना कळतं त्यावर पानंच्या पानं आणि जिथे घोडं अडतं तिथे 'स्पष्ट आहे' म्हणून पुढे. मग एकदा बाईंना संग्रहालयाच्या तळघरात, तुटक्या खांबांच्या गर्दीत, दगडाची एक पट्टी दिसली आणि तिच्यावर ती. वाकलेला गुडघा, उचललेला पाय, मागे वळलेली मान, आणि चेहऱ्यावर असं काही की बाई तिथे धुळीत बसल्या आणि रडल्या. दीड ओळ आणि दगड एकमेकांना तंतोतंत लागू पडत होते. तिथून बाईंचा सिद्धांत निघाला. नर्तकी या ठिकाणी येते आणि थांबते. पूर्ण थांबते, श्वाससुद्धा धरते, आणि मग पुढची चाल. बाई स्वतः रंगमंचाच्या कडेला बसून श्लोक म्हणायच्या. तिथे त्या आवाज तोडायच्या, मृदंगाचा ठेका तुटायचा, नाचणारीचं अख्खं अंग एका वाकलेल्या गुडघ्यावर उभं राहायचं. सभागृहाचा श्वास अडकायचा. वर्तमानपत्रांनी त्याला 'बाईंचा विराम' म्हटलं. दुसऱ्या शहरांतल्या शिक्षकांनी तो उचलला. पोरीबाळी तो विराम शिकून मोठ्या झाल्या.

दगड थांबलेलाच असतो. त्याला दुसरं काय येतं? स्टॉपवरच्या बाकावर बसून बाई हे वाक्य मनात म्हणाल्या. त्या शिल्पकाराला एकच क्षण कोरता येत होता. सगळ्यात सुंदर होता तो त्यानं कोरला. फोटोत उडी मारणारा माणूस हवेत दिसतो म्हणून कोणी हवेत थांबायला शिकवत नाही. बाईंनी शिकवलं. ग्रंथात थांबते असं कुठेच नव्हतं. तो शब्द बाईंचा होता, दगडाकडून घेतलेला. आणि आत्ता बसमध्ये त्यांच्या अंगाला कळलं होतं की त्या जागी थांबायचं म्हणजे धावता भार एकट्या गुडघ्यानं गिळायचा. त्या क्षणी कोणी त्यांना धरून थांबवलं असतं तर हाडाचा आवाज आला असता. तरी बाईंचं डोकं, सवयीनं, स्वतःविरुद्ध वकील उभा करत होतं. एका धक्क्यावरून सिद्धांत मोडायचा? तुला चक्कर आली असेल. म्हातारपणी माणसाला कशातही अर्थ दिसतो.

पण पिटूचा गुडघा सुजलेला होता, आणि ते काही चक्कर आल्यामुळे नव्हतं. गेल्या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांनी तिला पलंगावर झोपवून पाय हळूहळू दुमडला होता, आणि तिनं ओठ चावला होता. डॉक्टर म्हणाले होते, आतली गादी फाटायला आली आहे, ऑपरेशन करू, पण तोवर एक जरी उलटा पीळ बसला तर नाच विसरायचा. घरी येताना पिटू म्हणाली, कार्यक्रम झाला की लगेच करू. बाईंनी 'नको नाचूस' असं म्हटलं होतं का? म्हटलं होतं. पण कसं म्हटलं होतं तेही त्यांना आता आठवत होतं. पाहुण्याला 'जेवून जा' म्हणतो तसं, तो न जेवताच जाणार हे ठाऊक असताना. कारण पिटूशिवाय कार्यक्रम नव्हता. ग्रंथातल्या सगळ्या चाली एका ओळीत उभ्या करू शकणारी ती एकटीच होती. वर्गातल्या बाकीच्या मुलींच्या गुडघ्यांना पट्टे होते. बाई गमतीनं त्याला आपल्या घराण्याचा दागिना म्हणायच्या. त्या गमतीवर मुली हसायच्या. बाई बाकावरून उठल्या आणि इतक्या वेगानं चालू लागल्या की एका भाजीवाल्याची टोपली लाथाडली गेली, तरी त्यांनी मागे पाहिलं नाही.

नाट्यगृहाच्या दारातच उपोद्घात भेटले. हे आजचे प्रमुख पाहुणे, बाईंच्याच विषयातले. कोणताही ग्रंथ लिहायला घेतला की प्रस्तावनेच्या पुढे जात नसत, म्हणून विद्यापीठात त्यांचं हे नाव. "बाई, आजच्या भाषणात मी फक्त विरामावर बोलणार आहे. हालचालीच्या शास्त्रात स्थैर्याचा शोध! तुमचं खरं देणं तेच," ते म्हणाले. बाईंना एरवी ही स्तुती गोड लागली असती. खोटं कशाला, या क्षणीही तिचा एक कण गोड लागलाच. आपल्यामागे काय उरेल असं बाईंनी स्वतःला कधी विचारलं असतं तर उत्तर तेच होतं. तो विराम.

मेकअपच्या खोलीत पिटू आरशासमोर बसली होती. एक पाय खुर्चीवर पसरलेला. गुडघ्यावर घट्ट पट्टी, तिच्यावर पोशाखाची चूण घालून झाकलेली. घुंगरू बांधून झाले होते. या दोघींचा एक जुना करार होता. घरी 'आत्या, तू'; घुंगरू बांधले की 'बाई, तुम्ही'.

"बाई, उशीर केलात. मी इथे जीव मुठीत धरून बसलेय."

"पिटू, आज त्या जागी थांबू नकोस."

"कुठल्या जागी?"

"मागे पाहणारीत. थांबायचं नाही. पाय तसाच फिरवून पुढे घ्यायचा."

पिटूनं आरशातूनच पाहिलं. "डॉक्टरांचा फोन आला होता का तुम्हाला?"

"डॉक्टरांचा काय संबंध? ते चुकलंय. माझं चुकलंय. ती थांबण्याची जागा नाहीच."

"आज कळलं?"

"आत्ता कळलं."

"प्रमाण काय?"

हा बाईंचा प्रश्न होता. वर्गात कोणी नवं काही बोललं की बाई हाच दगड भिरकावायच्या. पिटूच्या आवाजात तो हुबेहूब त्यांच्याच सुरात आला. जे होतं ते बाई म्हणाल्या. "बसनं ब्रेक मारला."

पिटू हसली. आधी खरंखुरं हसली, मग हसता हसता तिचा चेहरा बदलला. "बाई, एक सांगू? तुम्हाला खोटं बोलता येत नाही. माझ्या पायाची कीव येतेय ना, तर तसं म्हणा. पण कीव आली म्हणून ग्रंथाला खोटं पाडू नका. लहानपणी ताप असताना तुम्ही मला हे करायला लावलंय. ताप उतरल्यावर शिक, असं नाही म्हणालात. तेव्हा मला राग आला होता. नंतर वाटलं, बरं झालं, निदान एक गोष्ट तरी अशी आहे जिच्यात सवलत नाही. आई गेली, बाबा गेले, ते पण जिवंतपणी. हे राहिलं. ते आज माझ्यासाठी वाकवू नका."

"वाकवत नाहीये गं. ते आधीच वाकडं होतं."

"मी थांबणार. एकदाच थांबायचंय. उद्या ऑपरेशन टेबलावर झोपेन, तुम्ही उशाशी बसा, मग काय ते सांगा." तिनं खुर्चीवरचा पाय खाली घेतला, आणि घेताना हातानं धरून घेतला. ते बाईंनी पाहिलं. बाहेर घंटा झाली. बाईंना आणखी बोलायचं होतं, पण आयुष्यभर जिनं प्रत्येक वाक्याला आधार मागितला तिच्याकडे आज स्वतःच्या वाक्याला आधार नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इतकी वर्षं दुखऱ्या गुडघ्यांची रांग समोर होती आणि बाई पुरावा शोधत होत्या टीकाकारांत.

पडदा उघडला. बाई नेहमीच्या जागी, रंगमंचाच्या डाव्या कडेला, बसक्या चौरंगावर. शेजारी मृदंगवाले. पहिल्या रांगेत उपोद्घात, मांडीवर हात जुळवून. बाईंनी पहिला श्लोक उचलला आणि त्यांच्या लक्षात आलं की आवाज अजून आपला आहे. मन कुठेही असो, गळा वडिलांनी घडवलेला होता, तो सांडत नव्हता. पिटू आली. तिचं येणं पाहिलं की बाईंना दरवेळी वाटे, हे मी केलं. आज तसं वाटताच त्यांना त्या वाक्याचा दुसरा अर्थही दिसला. पट्टी असलेल्या पायावर ती वजन टाकायची तेव्हा तिच्या हनुवटीखाली एक शीर उभी राहत होती. प्रेक्षकांना दिसण्यासारखी नव्हती. बाईंना दिसत होती, आणि प्रश्न असा होता की गेल्या वर्षीही ती दिसली होती का. दिसली होती. बाईंनी तिचं नाव तेव्हा एकाग्रता ठेवलं होतं.

'मागे पाहणारी' अजून बरीच पुढे होती. श्लोकामागून श्लोक जात होते आणि बाई आत एकच हिशेब पुन्हापुन्हा करत होत्या. या परंपरेत एक नियम होता, तोही बाईंनीच घालून दिलेला: गळा पुढे, पाय मागे. नाचणारीनं आवाजाच्या पुढे जायचं नाही, आवाज जिथे नेईल तिथे जायचं. पिटूच्या अंगात तो नियम इतका मुरला होता की लहानपणी बाईंना श्लोक म्हणताना ठसका लागला तर ही पोर एका पायावर तशीच उभी राहायची. म्हणजे आवाज तोडला तर ती थांबेल. आणि आवाज तोडलाच नाही तर? तर ती थांबू शकणार नाही. तिचा निश्चय काहीही असो, पाय गळ्याच्या मागे जाईल. किंवा जाणार नाही. मनानं थांबायचं ठरवलेलं अंग आणि पुढे ओढणारा आवाज, या दोघांच्या मध्ये तो गुडघा सापडेल. डॉक्टरांनी म्हटलेला उलटा पीळ तोच. तोडला तर गुडघा जाईल. नाही तोडला तरी जाऊ शकेल. आणि न तोडणं म्हणजे तिनं स्पष्ट नाही म्हटलेलं तिच्याकडून करवून घेणं, तिच्या आज्ञाधारकपणाचा पुन्हा एकदा फायदा घेणं. चांगल्यासाठीच, बाई मनात म्हणाल्या, आणि लगेच त्यांना आठवलं की तापातही चांगल्यासाठीच होतं.

मृदंगवाल्यांनी एकदा तिरक्या नजरेनं पाहिलं. बाईंना आपली भीती आवाजात उतरू द्यायची नव्हती. आवाज थरथरला तर ती पोर बावचळेल. त्यांनी मांडीवरची बोटं आवळली. अगदी आतून, जिथे माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही तिथून, आणखी एक आवाज येत होता, आणि तो सगळ्यात लाजिरवाणा होता. तो म्हणत होता, घे ना विराम. शेवटचा घे. सगळे त्यासाठीच आले आहेत. एका क्षणानं काय होतंय? डॉक्टर घाबरवतात. बाईंनी तो आवाज नीट ऐकला. तो त्यांच्या ओळखीचा होता. आजवर ग्रंथ तोच आवाज वाचत आला होता.

श्लोक आला. पिटू मंचाच्या मागून तिरकी धावत आली, वाकली, वळू लागली. गुडघा वाकला. पाय सुटला. कंबर वळली. बाईंच्या छातीत श्वास भरलेला होता, तोडायची जागा आली, आणि बाईंनी आवाज तोडला नाही. उलट पुढचा शब्द त्यांनी मोठ्यानं, जवळजवळ ओरडून पुढे ढकलला. मृदंगवाल्यांचा हात थांबायला वर उठला होता, तो दचकून खाली आला. पिटूचं अंग क्षणाच्या एका तुकड्यापुरतं अडलं. बाईंना ते अडणं दिसलं, मागे वळलेली मान दिसली, डोळ्यांत उमटलेली भीती दिसली, आणि त्यांना वाटलं, मोडली, माझी पोर मी मोडली. मग पाय फिरला. हवेतून अर्धं वर्तुळ घेऊन पुढे आला आणि टेकला, आवाज न होता टेकला. वळण्यातला जोर जिरायला जागा मिळाली म्हणून पिटू नेहमीपेक्षा जास्त वळली आणि प्रेक्षकांकडे तोंड करण्याऐवजी थेट बाईंसमोर येऊन उभी राहिली. पुढच्या श्लोकात हात बाजूला पसरून कोणाला तरी दाखवायचं होतं. ती बाजू आजवर रिकामी असायची, हात विंगेतल्या अंधाराकडे जायचा आणि बाईंना तो श्लोक नकलताना भ्रष्ट झालेला वाटायचा. आता हात पसरला तो सरळ सभागृहाकडे गेला. श्लोक भ्रष्ट नव्हता. इतक्या भयंकर क्षणीही बाईंना आनंद झाला, अभ्यासकाचा, कोरडा, हावरा आनंद, आणि त्याची त्यांना शरम वाटली. पिटू त्यांच्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत भीती उरली नव्हती. राग होता. ती नाचत राहिली.

पडदा पडल्यावर उपोद्घात मंचावर आले, बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि खाजगी आवाजात म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, बाई. एका ठिकाणी विराम निसटला, एवढंच. या वयात व्हायचंच. मी भाषणात सांभाळून घेतो."

पळवाट उघडी होती, आणि तीसुद्धा मानाची. "निसटला नाही," बाई म्हणाल्या. "तो तिथे कधीच नव्हता. मी घातला होता. तसंच सांगा." उपोद्घात मोठ्यानं हसले. ही बाईंची नेहमीची तिरकस विनोदबुद्धी असं समजून ते हसतच भाषणाला गेले. त्यांना कळावं म्हणून थांबण्याइतका वेळ बाईंकडे नव्हता.

पिटू खोलीत जमिनीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय लांब करून. घुंगरू सोडले होते, पट्टीही सोडून बाजूला टाकली होती. गुडघा सुजलेला होता, पण होता तसाच होता. बाई दारातच उभ्या राहिल्या. आता ओरडेल, त्यांना वाटलं. ओरडू दे. मला न विचारता केलंत म्हणेल, आणि ते खरंच आहे.

"दुखलं नाही," पिटू म्हणाली.

बाई आत आल्या.

"आत्या, मी वाट बघत होते. आता कळ येईल, आता येईल. आलीच नाही. मला वाटायचं ती कळ त्या चालीचीच आहे. सगळ्यांनाच येते, मोठमोठ्यांनाही यायची, जी सोसते तिला ती चाल येते. मी नव्या मुलींनाही तेच सांगते." तिनं गुडघ्यावर हात ठेवला. "अजिबात दुखलं नाही गं." आणि ती रडू लागली. लहानपणी तापात रडली नव्हती, डॉक्टरांकडे रडली नव्हती. न दुखलेल्या पायासाठी ती आता तोंड उघडं टाकून, आवाज काढून रडत होती, आणि बाईंना ते ऐकवत नव्हतं.

बाई तिच्यासमोर खाली बसल्या. बाहेर ध्वनिक्षेपकावर कोणीतरी त्यांचं नाव घेत होतं आणि टाळ्या पडत होत्या. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. एरवी कोणत्याही प्रसंगाला लागू पडणारं वचन त्यांच्या जिभेवर तयार असे. आत्ता जे आलं ते कोणत्याही ग्रंथात घालण्यासारखं नव्हतं.

"मला कळलं नव्हतं गं," बाई म्हणाल्या.

पिटूनं रडणं थांबवलं. मनगटानं तोंड पुसलं, गालभर काजळ फासलं गेलं. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, रागानं नाही, खरंच समजून घ्यायचं असल्यासारखी.

"पण कळणं हेच तर तुझं काम होतं ना, आत्या?"

"हो," बाई म्हणाल्या.